गाडीखालून खडखड येतेय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या रस्त्यांखाली बहुतेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि वरच्या डांबराच्या लाटा होतात. त्यात खडीचे जोडरस्ते, पाणंदीतला चिखल, रंग उडालेले गतिरोधक. गाडीच्या पोटाखालचे नट, रबर आणि पत्रे इथे लवकर ढिले होतात ते यामुळे. खडखडीची बरीच कारणं स्वस्तात सुटणारी असतात, पण काही आवाजांना एक किलोमीटरही पुढे जायचं नसतं. हा फरक ओळखता यावा म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

आवाज कुठून येतो तेच कळत नाही. सुरुवात कशी करायची?

आधी "कुठून" सोडा, "कधी" ते पकडा. पत्र्याचा आवाज चेसिसमधून (गाडीच्या खालच्या सांगाड्यातून) फिरतो. मागच्या सायलेन्सरचा आवाज ड्रायव्हरच्या पायाखालून आल्यासारखा वाटतो, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबलं की हमखास चूक होते.

एक कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा. उभ्या गाडीत इंजिन चालू असताना वाजतं का? खड्ड्यातच वाजतं का? ब्रेक किंवा क्लचवर पाय ठेवला की आवाज बदलतो का? गाडी थंड असताना वाजतं की तापल्यावर? उभ्या गाडीत वाजत असेल तर सायलेन्सरची लाइन, इंजिन माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारी रबरी जोडणी) आणि क्लचकडे बघायचं. इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ब्रेकचा बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. खड्ड्यात वाजत असेल तर सस्पेन्शन, म्हणजे चाक आणि बॉडी यांच्यामधले स्प्रिंग, धक्के शोषणारे शॉकअप आणि त्यांचे जोड. एवढ्याने निम्मी गाडी बाजूला पडते आणि शोधायला निम्मीच उरते.

गॅरेजला नेण्याआधी घरी काय बघता येईल?

डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, त्याचा दांडा, पान्हा आणि स्टेपनीचा मधला स्क्रू, यातलं एकही ढिलं असेल तर हुबेहूब मागचा शॉकअप गेल्यासारखा आवाज येतो. पंक्चर काढून स्टेपनी परत टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून वाजायला लागलं, तर बहुतेक हेच. दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या, मागच्या सीटचं लॉक आणि नंबरप्लेटही हलवून बघा.

मग चारी चाकांचे नट. गाडी हलवण्याआधी पान्ह्याने जोर लावून बघा. एकही नट सहज फिरला तर तो आवाजाचा प्रश्न राहत नाही, चाक निघण्याचा होतो. लहान गाड्यांना साधारण ९० ते ११० न्यूटन-मीटर एवढा आवळ लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. नट गोल क्रमाने आवळू नका. एक झाला की समोरचा घ्या. चाक काढून बसवलं असेल तर सुमारे १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

हवाही बघा. पुस्तकात ३३ पीएसआय लिहिलेलं असताना ४० भरली असेल तर टायर खड्डा गिळत नाही, सगळा दणका वर पाठवतो आणि जे जे थोडं ढिलं आहे ते वाजायला लागतं.

गाडी उभी असताना, एसी लावला की पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो. थोडी रेस दिली की थांबतो. काय असेल?

हीट शील्ड. सायलेन्सरच्या पाइपाची उष्णता फरशीच्या पत्र्याला, पेट्रोलच्या टाकीला आणि ब्रेकच्या नळ्यांना लागू नये म्हणून मध्ये पातळ पत्रा लावलेला असतो. इंजिनच्या ठरावीक फेऱ्यांवरच हा पत्रा थरथरतो, वर-खाली गेलं की गप्प होतो. "कधी येतो, कधी जातो, दाखवायला गेलं की येतच नाही" अशी तक्रार बहुधा याचीच असते.

पत्रा सहसा ६ मिमीच्या बोल्टांवर बसवलेला असतो, त्यांना १० मिमीचा पान्हा लागतो. बोल्ट बहुतेक जागेवरच असतात; गंजून मोठं झालेलं असतं ते पत्र्याचं भोक. म्हणून नुसतं खालून बघून "बोल्ट तर आहे" म्हणून सोडू नका, पत्रा हाताने हलवा.

इंजिन बंद करून किमान दोन तास जाऊ द्या, मे महिन्यात जास्त. जाड हातमोजे घाला, कारण या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. रबरी हातोडीने पुढून मागे हळूहळू ठोकत जा. जिथे रिकाम्या डब्यासारखं वाजेल तिथे थांबा. गंजलेल्या बोल्टावर गंज सोडवणारं तेल मारून वीस मिनिटं थांबा. घाईने फिरवलं तर बोल्ट आतच तुटतो आणि पाच मिनिटांचं काम वेल्डिंगवर जातं. जुन्या बोल्टाखाली २५ ते ३० मिमी रुंदीचा मोठा वायसर टाका, म्हणजे मोठं झालेलं भोक झाकलं जातं. आवळताना मनगटाचाच जोर लावा. ६ मिमीच्या बोल्टाला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात.

पत्रा पाइपाभोवतीच गुंडाळलेला असेल आणि त्याचे टाके तुटले असतील, तर स्टीलचा स्क्रूवाला होज क्लॅम्प लावा. मापासाठी पत्र्यासकट पाइपाभोवती सुतळी फिरवा आणि तिची लांबी ३.१४ ने भागा. आलेल्या व्यासापेक्षा एक माप मोठा घ्या. एवढा मोठा मिळाला नाही तर दोन क्लॅम्प एकमेकांत अडकवून लांब करता येतात. पत्रा हलायचा थांबला की पुरे, पाइप चेपेपर्यंत आवळू नका. ऑक्सिजन सेन्सरची (पाइपातला धूर तपासणाऱ्या यंत्राची) वायर क्लॅम्पखाली सापडणार नाही एवढं बघा.

प्लॅस्टिकची टाय वितळते, रबराचा तुकडा जळतो, एम-सील तडकतं. बांधकामाची बाइंडिंग वायर लातूरहून नांदेडला पोहोचायला चालेल, कायमची नको.

तो पत्रा काढूनच टाकला तर? वाजणारच नाही.

काढू नका. वरची फरशी तापते, तिच्यावर आवाज दाबणारी जाजमं चिकटवलेली असतात, जवळून ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जातात. ४२-४३ अंशांच्या उन्हात हा धोका आणखी वाढतो. पत्रा अगदीच कुजला असेल तर नवा बसवा.

काढणीच्या दिवसांत गाडी काडावरून गेली. आता खालून घासल्यासारखं वाजतंय.

लगेच थांबा आणि खाली बघा. रस्त्यावर मळणीसाठी पसरलेलं सोयाबीनचं काड एक्सलला गुंडाळतं आणि तापलेल्या सायलेन्सरवर जाऊन बसतं. वाळलेलं काड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या लाइनमधल्या, धूर शुद्ध करणाऱ्या डब्याची) उष्णता एकत्र आली की गाडी पेटू शकते. जळका वास आला तर सगळ्यांना उतरवा, गाडी काडापासून दूर मोकळ्या जागी हवी. वास नसेल तर इंजिन बंद करून लांब काठीने काड ओढून काढा. गरम पाइपाजवळ हात घालू नका.

शेतातून गेलेल्या गाडीला तुरीची किंवा कापसाची धसकटं खालच्या प्लॅस्टिक कव्हरात अडकतात. वेग वाढला की ती फडफडतात. कव्हरची एक-दोन क्लिपं तुटलेली असतील तर ती त्याच मापाची बदला. क्लिपाऐवजी स्क्रू मारला की पुढच्या वेळी कव्हरच फाटतं.

गतिरोधकावरून जाताना मागे 'ठण' असा एक ठोका येतो.

सायलेन्सर टांगणारं रबर तुटलं असेल. सायलेन्सर तीन-चार रबरांवर लोंबकळत असतो. एक सुटलं की पाइप झुलून बॉडीवर किंवा हीट शील्डवर आपटतो. थंड सायलेन्सर हाताने धरून आडवा हलवा. पाइप कशालाही लागता कामा नये. रबराला ताणून भेगा दिसल्या तर बदला. आकड्यावर रबर चढत नसेल तर साबणाचं पाणी लावा. तेल लावू नका, त्याने रबर फुगून मऊ पडतं.

हे काम स्वस्त आहे म्हणून लांबवू नका. रबर नसलं की सगळा भार पुढच्या जाळीच्या फ्लेक्सिबल पाइपावर येतो आणि तो फाटतो. मग थंड इंजिनवर फटफट आवाज आणि जोडावर काळी काजळी दिसते. तिथून निघणारा धूर गाडीत शिरू शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

डब्यात खडे भरून हलवल्यासारखा आवाज येतो आणि गाडी ओढतही नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतली सिरॅमिकची जाळी फुटली असावी. कन्व्हर्टर थंड असताना रबरी हातोडीचा हलका ठोका द्या. आत खुळखुळ्यासारखं वाजलं तर जाळी फुटली आहे. कारणं दोन. उंच गतिरोधकाला खालून घासून बसलेला मार, किंवा स्पार्क प्लग अथवा कॉइल नीट काम करत नसल्याने न जळलेलं पेट्रोल आत जाऊन जाळी अति तापणं. दुसरं कारण असेल तर आधी मिसफायर दुरुस्त करा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही तसाच जाईल.

"आतलं फोडून डबा रिकामा करून देतो, आवाजही जाईल आणि पिकअपही येईल" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत संगणक हे ओळखतो, इंजिनचा दिवा लागतो, पीयूसी अडकते. आणि ती विषारी हवा आपल्याच गल्लीत सुटते. नवा कन्व्हर्टर महाग असतो हे खरं, म्हणून निदान पक्कं झाल्याशिवाय तो बदलूही नका. फुटल्यासारखा आवाज मागच्या मफलरच्या (आवाज दाबणाऱ्या डब्याच्या) सुटलेल्या आतल्या पत्र्याचाही असतो, तो त्या मानाने खूप स्वस्तात बदलतो. दोन्हीकडे वेगवेगळं ठोकून बघा.

खराब रस्त्यावर कमी वेगात पुढून टकटक, टकटक येतं. चांगल्या रस्त्यावर काही नाही.

पहिला संशय लिंक रॉडवर. स्टॅबिलायझर बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांड्याला) शॉकअपशी जोडणारी ही वीतभर दांडी, दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर फिरणारा सांधा. त्यावरचं रबरी बूट फाटलं की धूळ आणि चिखल आत जाऊन बॉल झिजतो.

याची एक साधी परीक्षा आहे. एकाच गतिरोधकावरून दोनदा जा, ताशी १० ते १५ किलोमीटरने. पहिल्यांदा सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील असं. दुसऱ्यांदा तिरकं, एकेक चाक चढेल असं. सरळ गेल्यावर शांत आणि तिरकं गेल्यावर टकटक, तर लिंक रॉड किंवा बारचे बुश (जोडावरची रबरं). कारण दोन्ही चाकं सारखी वर-खाली झाली तर बार पिळला जात नाही, लिंकवर जोर येत नाही. दोन्ही वेळा वाजलं तर शॉकअप, त्याची वरची माउंटिंग किंवा लोअर आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) बघायचं.

खात्री करताना गाडी चारी चाकांवर रॅम्पवर किंवा खड्ड्यावर उभी हवी. लिंक रॉड मुठीत धरून जोरात हलवा. एकच बाजू जॅकवर उचलली तर पिळलेला बार लिंकला ताणून धरतो, खेळ लपतो आणि "लिंक तर चांगली आहे" असं चुकीचं निदान होतं. हे फार वेळा घडतं.

बदलताना बॉल जॉइंटचा खिळा फिरू नये म्हणून अ‍ॅलन की लावून नट सोडवायचा. गंजलेला असेल तर सरळ कापतात. जोडीने बदला. यासाठी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागत नाही. लिंक ठीक असेल तर बारचे डी आकाराचे बुश बघा. त्यांत फट पडली असेल तर बदला. डिझेल किंवा इंजिन ऑइल मारून आवाज चार दिवस दबतो, पण रबर सडतं. बुश कोरडं होऊन किरकिरतंय का एवढंच बघायचं असेल तर त्यावर साधं पाणी मारा. आवाज थोडा वेळ गेला तर दोष बुशातच आहे.

शॉकअप गेलाय हे कसं ओळखायचं?

त्यावर तेलाचा ओला थर आणि धूळ चिकटलेली दिसते. गाडीचा तो कोपरा दाबून सोडला तर एकदा वर येऊन बसायला हवा. झुलत राहिला तर शॉकअप संपला. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना 'टंग' असा स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज आला तर दोष शॉकअपमध्ये नाही, वरच्या माउंटिंगच्या बेअरिंगमध्ये आहे.

ब्रेक मारला की 'ठक', रिव्हर्स घेऊन पुढे निघालं की पुन्हा 'ठक'.

लोअर आर्मचं बुश किंवा बॉल जॉइंट. इथे चालढकल नको. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं आणि गाडी हातात राहत नाही. चाक अधांतरी करून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. खेळ वाटला तर दुसऱ्या माणसाला बॉल जॉइंटकडे बघायला सांगा. ३ आणि ९ च्या जागी धरल्यावरच खेळ असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीचं टोक) किंवा स्टिअरिंग रॅकचा जोड. दोन्हीकडे सारखाच खेळ असेल तर चाकाचं बेअरिंग, पण ते खडखडत नाही, वेगाबरोबर वाढणारी घरघर करतं.

लोअर आर्मचं बुश बदलताना एक चूक सर्रास होते. गाडी वर असताना, चाक लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला जातो. मग गाडी खाली आली की बुश कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट हलकेच लावा, गाडी चाकांवर उतरवा, मग शेवटचा आवळ द्या. हे गॅरेजमध्ये आधीच सांगून ठेवा. या कामानंतर अलाइनमेंट करावंच लागतं.

ब्रेकवर नुसता पाय टेकवला की खडखड थांबते.

ब्रेक पॅड कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) हलतायत. नवे पॅड टाकताना जुनी स्प्रिंगची क्लिपं परत लावली नाहीत किंवा वाकडी बसली, की हे होतं. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना कोरड्या असतील तर साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको.

खडीच्या रस्त्यावरून आल्यावर चाकातून कर्कश किर्र आवाज.

डिस्क आणि तिच्या मागच्या धूळ-पत्र्यात खडा अडकला आहे. मोकळ्या जागेत हळू मागे-पुढे केलं तर बऱ्याचदा पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा किंचित वाकवायचा.

क्लच दाबला की आवाज जातो, किंवा उलट क्लच दाबल्यावरच येतो.

जात असेल तर गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग किंवा गिअरची खडखड. येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. दोन्ही घरी करायची कामं नाहीत.

बोलेरो किंवा पिकअपला मागून खडखड येते. तिथे काय वेगळं?

मागे पाटे आहेत आणि लांब प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा) आहे, म्हणून. माल भरून फिरणाऱ्या गाडीत आधी पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट बघा. ते ढिले असतील तर पाट्यांचा मधला बोल्ट तुटून एक्सल सरकतो. मग शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) बुश, पाट्यांना बांधणाऱ्या पट्ट्या. गिअर टाकून गाडी निघताना 'टक' आवाज आला तर शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) झिजला आहे. शाफ्ट हाताने पुढे-मागे फिरवून खेळ कळतो. ग्रीसिंगची निपल असेल तर पाण्या-चिखलातून गेल्यावर ग्रीस मारून घ्या. रिकाम्या गाडीत वाजतं आणि भरल्यावर थांबतं, तर बहुतेक शॅकल.

समृद्धीवर सारख्या अंतराने टप-टप-टप येतं. गाडीत बिघाड आहे?

वेगाबरोबर ठेका वाढत असेल आणि डांबरी रस्त्यावर उतरल्यावर थांबत असेल, तर तो सिमेंटच्या रस्त्यातल्या सांध्यांचा आवाज. डांबरावरही चालू राहिला तर टायर बघा. फुगा आला असेल तर त्या टायरवर त्या वेगाने जाऊ नका.

गाडीखाली सुरक्षित कसं शिरायचं?

गाडीसोबत आलेला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली घालू नका. सपाट, कडक फरशीवर गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअर टाका, न उचललेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे द्या, आणि उचललेली बाजू जॅक-स्टँडवर टेकवा. विटा नको, भाराखाली फुटतात. काळ्या रानात तर मुळीच नको: वरून कोरडी दिसणारी माती खाली ओली असते आणि जॅक रुततो. रस्त्यात अडकलात तर जॅकखाली जाड फळी घाला आणि फक्त चाक बदला. रॅम्प किंवा खड्डा असलेलं गॅरेज जवळ असेल तर तिथेच जा.

गाडीत सीएनजीचं किट आहे.

टाकीच्या पट्ट्याचे बोल्ट ढिले वाटले तर स्वतः आवळत बसू नका, किट बसवणाऱ्या अधिकृत ठिकाणी न्या. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी लागते, तेव्हाच ब्रॅकेटही तपासून घ्या.

गॅरेजवाले म्हणतात, सगळं सस्पेन्शन बदला. करू का?

मेकॅनिकला शेजारी बसवून, आवाज जिथे येतो त्या रस्त्यावर न्या. गाडी वर घेतल्यावर खेळ हाताने दाखवायला सांगा. खरोखर झिजलेला भाग हलताना दिसतोच. एका वेळी एक भाग बदला, फिरवून बघा, मग पुढचा. सगळं एकदम बदलून आवाज गेला तर दोष कशात होता ते कळतच नाही, आणि राहिला तर पैसे गेलेले असतात. जुने भाग परत मागून घ्या.

दुरुस्तीनंतर आठवड्यात तोच आवाज परत आला.

आधी नव्या भागाचे नट तपासा. नवे बोल्ट पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमध्ये थोडे बसतात. मग बुशचा बोल्ट लोंबत्या चाकावर आवळला होता का ते विचारा. लिंक रॉड एकाच बाजूची बदलली असेल तर दुसरी हलवून बघा. आणि काम झाल्यावर डिकीत परत टाकलेला जॅक त्याच्या खाचेत नीट बसवलाय का, तेही.